वहिनी, मांडे आणि पडणारे ठोकळे

वहिनी,

वाद अर्ध्यावर टाकून उठून जायची तुमची सवय जुनीच. मी मुद्द्यावर येतोय असं दिसलं, की तुम्हाला नेमकी कुकरची शिट्टी ऐकू यायची. कधी कधी तर कुकर लावलेलाही नसायचा. मी आपला स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचो, की आता ह्या परत येतील आणि मग मी असं असं म्हणेन. आजही तसाच बसलोय. परवा तुमचं उत्तरकार्य झालं. पाहुणे आपापल्या गावी गेले, अंगणातला मांडव निघाला, आणि मी टीव्हीसमोरच्या दिवाणावर बसून तोच जुना मुद्दा मनात घोळवतोय. या वेळी तुम्ही मधेच उठू शकत नाही, तेव्हा पूर्ण ऐकून घ्या.

मुद्दा एवढाच, की तुम्ही त्या अंधारातून कशानं बाहेर आलात? तुम्ही म्हणायचात, "दिवस जाता जाता माणूस सावरतं, भाऊजी." मी म्हणायचो, "दिवसांनी नाही, ठोकळ्यांनी." मग तुम्ही पदर तोंडाला लावून हसायचात. "तुमचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, तुमी दुसरं काय म्हणणार!" आणि लगेच तुमचा कुकर वाजायचा.

दादा गेला तो ज्येष्ठातला रविवार. आमरसाचा बेत होता, म्हणजे मांडे आलेच. मागच्या पडवीत चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, आणि तुम्ही पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांवर फिरवत होतात. तुमचा मांडा कोपरापर्यंत पसरायचा आणि तरी कुठे चीर जायची नाही. अख्ख्या गल्लीत लग्नकार्य निघालं की आधी तुम्हाला निरोप यायचा, हे काय मी सांगायचं? दादा पाटावर बसून ओरडत होता, "गरम गरम येऊ दे!" आणि ओरडता ओरडताच तो ताटावर वाकला. मला वाटलं, घास अडकला. मी पाणी आणायला धावलो. तुम्ही चुलीपासून उठून आलात, तोवर सगळं संपलं होतं. माझा धाकटेपणा त्या एका दुपारी संपला. आणि तुमची तर त्याच्याशी बारा-तेरा वर्षांची सोबत, माझ्यापेक्षा जवळची.

त्यानंतर तुम्ही घरात होतात, पण नव्हतात. भाजीत दोनदा मीठ पडायचं. भांडं घासता घासता हात थांबायचा आणि नळ तसाच वाहत राहायचा. धुण्याची बादली घेऊन गच्चीवर जायचात आणि बादली तिथेच ठेवून रिकाम्या हातांनी खाली यायचात. रेखा, तुमची लेक, शाळेतून आली की दप्तर न टाकताच तुमच्याशेजारी भिंतीला टेकून बसायची. एकदा ती दुकानात आली आणि म्हणाली, "काका, आई माझ्याकडे बघते, पण तिला मी दिसत नाही." बाप गेला होता. आता आईही हातची जाते की काय, या भीतीनं ती पोर वाळायला लागली होती. मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तिला समोरच्या टपरीवरचा चहा पाजला. दुसरं काय करावं ते मला कळेना.

बोदवडहून तुमचा भाऊ आला, म्हणाला, "बाईले काही दिवस घेऊन जातो." तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाही पण म्हणाला नाहीत. मग आपण जळगावला मनाच्या डॉक्टरांकडे गेलो. भला माणूस. त्यांनी घाई केली नाही. शेवटी तुम्ही एकच वाक्य बोललात, "डोये मिटले की तेच दिसते." काय दिसतं ते सांगितलं नाहीत. त्यांनी गोळ्या दिल्या. तुम्हाला थोडी झोप लागायला लागली, पण झोपेतून उठल्यावर तुमचा चेहरा तसाच, कुठून तरी फार लांबून चालत आल्यासारखा.

आणि मग दादा गेल्यावरची पहिली अखाजी आली.

आपल्या खानदेशातली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना माझी नेहमी फजिती होते. सकाळी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरायची, तिची पूजा करायची, त्याला आमरस-मांड्यांचा नैवेद्य दाखवायचा, डोळे पुसायचे. आणि दुपारी खेळायचं! बायकांनी झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. पुरुषांनी ओट्यावर राजरोस पत्ते कुटायचे. त्या दिवशी खेळणाऱ्याला बापही रागवत नाही. रडणं आणि खेळणं एकाच दिवशी ठेवणारा जो कोणी आपला पूर्वज असेल, तो शहाणा असला पाहिजे, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र राग आला होता. दादा म्हणजे अखाजीच्या पत्त्यांचा राजा. सकाळची पूजा झाली की त्याला जेवणसुद्धा ओट्यावर लागायचं.

त्या वर्षी मांडे आपल्याकडेच राहणाऱ्या माझ्या आत्यानं केले. खापर बाहेर काढल्याबरोबर तुम्ही आतल्या खोलीत गेलात आणि दार लोटून घेतलंत. जेवणं झाली. आत्या रेखाला घेऊन लिंबाच्या झोक्याकडे गेली. वर्षाच्या आत तुम्ही झोक्यावर जायचा प्रश्नच नव्हता. ओट्यावरून मला हाका आल्या, पण मी गेलो नाही. घरात आपण दोघंच उरलो, तुम्ही आत, मी बाहेर.

माझ्याकडे तेव्हा ते मशीन होतं. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. एका गिऱ्हाईकानं दुरुस्तीला टाकलेला. दुरुस्त झाल्यावर न्यायला आला तर मलाच हात जोडून म्हणाला, "मुलाची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या, घरी नेला तर तो पुस्तकाला हात लावणार नाही." पुढे मुलगा पास होऊन पुण्याला गेला आणि मशीन आपल्याकडेच राहिलं, ते आजवर. मी कॅसेटमध्ये फुंकर मारली, खाचेत बसवली आणि बटण दाबलं. कॅसेटवर हजारो खेळ छापलेले, पण प्रत्यक्षात दहा-पंधराच, तेच फिरून फिरून यायचे. त्यातला ठोकळ्यांचा मी लावला. वरून वेड्यावाकड्या आकाराचे ठोकळे पडतात, ते फिरवून, सरकवून खाली फट न ठेवता बसवायचे. ओळ भरली की ती जाते आणि पुढचं बसवायला जागा होते. एवढाच खेळ.

त्याची ती किणकिण ऐकून तुम्ही दारात आलात. मला वाटलं, आता म्हणाल, बंद करा. पण तुम्ही चौकटीला टेकून बघत राहिलात. मी भराभर चुका करत होतो. ढीग वर चढत होता. तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाऊजी, त्याले आडवा घ्या ना!"

आवाजात चक्क चीड होती, वहिनी! फडताळात डबे नीट न लावणाऱ्या माणसावर तुम्ही चिडायचात ना, तीच. इतक्या महिन्यांत कोणी काही न विचारता तुम्ही आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर तुम्ही परत आत गेला असतात. मी तो आडवा घेतला आणि मशीनचा रिमोट दिवाणावर तुमच्या बाजूला सरकवला. थोड्या वेळानं तो तुमच्या हातात होता.

मग दुपारचा तो रिवाजच पडला. मी जेवायला घरी यायचो, जेवण झालं की मशीन लागायचं. तुमची बोटं सुरुवातीला गोंधळायची, डावीकडे न्यायचा ठोकळा उजवीकडे जायचा आणि तुम्ही त्याच्याबरोबर स्वतःही उजवीकडे कलायचात. पण चारेक आठवड्यांत तुम्ही मला मागे टाकलंत. दोन्ही हातांची सवय तुम्हाला आधीपासून होतीच. आणि पुढे येणारा ठोकळा कोपऱ्यात दिसतो, तो बघून आत्ताचा बसवायचा असतो, हे मला कधी जमलं नाही, तुम्हाला लगेच कळलं. भाजीत मीठ एकदाच पडायला लागलं. वाणसामान काय संपलं ते लक्षात राहायला लागलं. एका संध्याकाळी तुम्ही रेखाला म्हणालात, "तुही वेणी कोनं घातली? वाकडी हाये." ती वाकडी वेणी घेऊन ती धावत दुकानात आली, मला सांगायला. आईला ती दिसली होती.

आत्याचा मात्र तोल गेला. "वरीस बी झायं नही, नि हाई बाई टीव्हीवर खेयी ऱ्हायनी! लोके काय म्हणतीन?" आत्या स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेली. खेळ तिच्या वाट्याला कधी आलाच नव्हता, मग तिला तो खुपणारच. मी भांडायला उठलो होतो, पण तुम्ही मला खुणेनं बसवलंत आणि तिला म्हणालात, "आत्या, तुमी बसा तं खरं." ती बसली. पाय दुखतात म्हणून बसते, असं सांगून बसली. आठवड्याभरात आपल्या घरात तिच्याइतका ओरडणारा माणूस दुसरा नव्हता. "आडवा ले वं, आडवा ले! कोपराम्हा टाक! गया, गया तो!" लाइट गेली की वीजवाल्यांना ती ज्या शिव्या द्यायची, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

एके दिवशी सकाळी तुम्ही चहा देताना थांबलात. म्हणालात, "भाऊजी, काल डोये मिटले तं ठोकळे पडू राह्यले व्हते."

"काय?"

"ते दिसलं नही. ठोकळेच दिसले. लाल, निळे. मी बसवता बसवता झोपून गेले."

तुम्हाला आठवतं का? चहा पोळला, असं सांगून मी उठलो. पुढच्या वेळी जळगावला गेलो तेव्हा मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत, त्यांनी नीट विचारून घेतलं, कधी खेळतात, किती वेळ, खेळून झाल्यावर कसं वाटतं. मग म्हणाले, "एकच चित्र सारखं समोर येत असेल, तर डोळ्यांना आणि हातांना असं काम मिळाल्यावर त्या चित्राला जागा कमी पडते. मनाला तेवढी उसंत मिळते. खेळू द्या. पण गोळ्या मी सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत, आणि बाहेर चालायला पण जायचं." तुम्ही तिन्ही गोष्टी इमानानं केल्यात. हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतो असं तुम्ही म्हणायला नको.

आणि मग ती दुपार. आत्या देवळात गेली होती, आपण दोघंच. आळीपाळीनं खेळायचो, रिमोट तुमच्याकडे होता. नजर टीव्हीवर ठेवूनच तुम्ही बोलायला लागलात.

"भाऊजी, मांडा हातावर व्हता."

मी टीव्हीकडेच बघत राहिलो.

"ते वाकले, ते मी पाह्यलं. पण मांडा हातावर व्हता. तो खापरावर टाकला, मंग उठले. टाकून देता आला असता ना खाली? मी तो नीट पसरवून टाकला. मले तेच दिसते. ते वाकलेले, अन् माह्ये हात मांडा टाकू राह्यले."

तेव्हा मला कळलं, की इतके महिने तुम्हाला काय दिसत होतं. आपल्याकडची कुठलीही बाई हेच करेल, वहिनी. हातावरचा मांडा जमिनीवर टाकायचा असतो हे तुमच्या हातांना ठाऊकच नव्हतं. लहानपणापासून त्यांना एकच शिकवलेलं, की लाटी हातावर आली, की ती फाटायच्या आत खापरावर गेली पाहिजे. दादाला तपासायला आलेल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, की ताटावर वाकला त्या क्षणीच तो गेला होता. तेही मी तुम्हाला सांगितलं. पण सगळ्यात आधी माझ्या तोंडून निघालं ते भलतंच. मी म्हणालो, "आणि मांडा फाटला असता, तर दादाच वरून ओरडला असता, की एवढा चांगला मांडा वाया घालवला!"

तुम्ही हसलात. आणि हसता हसता जे रडलात, तसं तुम्ही तेराव्यालाही रडला नव्हतात. मीही रडलो. समोर ठोकळे कोणी न बसवता पडत राहिले, ढीग वरपर्यंत गेला आणि खेळ संपल्याची ती धून वाजली. समोरासमोर बसून तुम्ही हे मला जन्मात सांगितलं नसतंत. दोघांचे डोळे टीव्हीकडे होते, म्हणून ते बाहेर आलं.

बोलता बोलता त्या दिवशी तुम्ही आणखी एक सांगितलंत, ते मी अजून विसरलो नाही. लाटी हातावर फिरवताना डोक्यात दुसरं काही येत नाही, म्हणून तुम्हाला मांडे करायला आवडायचं. सासरी आल्यावर पहिल्या पहिल्यांदा बोदवडची फार आठवण यायची, तेव्हा तुम्ही मुद्दाम आत्याच्या हातून लाटी घ्यायचात. म्हणजे तुमचं औषध खापराशीच होतं आणि घाव बसला तोही तिथेच. म्हणून मधे काहीतरी दुसरं लागलं, हातांना तसंच गुंतवणारं, पण ज्याला चुलीचा वास नाही. बघा, आहे की नाही माझ्या म्हणण्यात दम? आता वाजवा कुकर.

दुसऱ्या अखाजीला तुम्ही स्वतः माळ्यावरून खापर काढलंत. चूल पेटायच्या आधी दिवाणावर बसून एक डाव खेळलात, "हात मोकळे करते," असं म्हणून. पहिला मांडा फाटला. रेखानं श्वास रोखून धरला होता. तुम्ही फाटक्या मांड्याकडे बघितलंत आणि आत्याला म्हणालात, "हा भाऊजीले वाढा." पुढचा कोपरापर्यंत आला आणि अलगद खापरावर गेला. तुम्ही थोडा वेळ डोळे मिटून बसलात. मग पुढची लाटी घेतलीत. फाटका मांडा मी खाल्ला, आणि तसा मांडा मी पुन्हा कधी खाल्लेला नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. रेखा शिकली, शिरपूरला सासरी गेली. तिच्या लग्नात कोणीतरी कुजबुजलं, की विधवा बाईनं मंगलकार्याच्या मांड्यांना हात लावावा का. तुम्ही लाटी हातावर घेऊन शांतपणे म्हणालात, "खापराले कपाळ दिसत नही." पुन्हा कोणी विचारलं नाही. मशीनचा नियम तुम्ही स्वतःच घालून घेतला होता. भात करपला त्या दिवसापासून, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतच खेळायचं. गल्लीतल्या एका बाईचं घरात भांडण झालं की ती आपल्याकडे यायची, तुम्ही तिला काही न विचारता रिमोट द्यायचात. पण दुसऱ्या एकीला तुम्ही ओढून जळगावला डॉक्टरांकडे नेलंत. "हिले खेळानं नही व्हणार," म्हणालात. कुणाला काय हवं, ते तुम्हाला कळायचं.

आता एक राहून गेलेलं सांगतो. शेवटपर्यंत तुम्ही सगळ्यांना सांगत राहिलात, की भाऊजींनी माझ्यासाठी अखाजीला मशीन लावलं. दवाखान्यातही त्या परिचारिकेला हेच सांगत होतात. मी दर वेळी नुसता हसलो. वहिनी, मी ते तुमच्यासाठी लावलं नव्हतं. ओट्यावरून मला हाका येत होत्या, तिथे दादाची जागा रिकामी होती आणि मला तिथे जाऊन बसवेना. घरात बसलं की तोच ताटावर वाकलेला दिसायचा, तुम्हाला दिसायचा तसाच. पाणी आणायला धावताना मी पण ते बघितलं होतं. मी डोळे कुठेतरी गुंतवावेत म्हणून ते लावलं आणि भराभर चुकत होतो. ढीग वरपर्यंत आला होता. आणि मागून तुम्ही म्हणालात, आडवा घ्या. माझ्याजवळ येऊन तुम्ही बसलात. ते उपकार कोणाचे कोणावर, ते आता तुम्हीच ठरवा.

पंधरा दिवसांवर अखाजी आलीय. या वेळी घागर दादाच्या शेजारी तुमच्याही नावाची. दवाखान्यातला तुमचा तो शेवटचा, नळ्या लावलेला चेहरा मला सारखा दिसतोय. काल दुपारी राहवेना, म्हणून मशीन खाली काढलं. धूळ बसली होती, एक तार सुटली होती, ती जोडली. फुंकर मारली. लागलं. रेखा अजून इथेच आहे, ती आत तुमच्या लुगड्यांच्या घड्या करत होती. मी खेळायला बसलो. वय झालं, हात आता आणखीच चुकतात.

मागे बांगड्या वाजल्या. रेखा चौकटीला टेकून उभी होती, डोळे रडून सुजलेले. तिनं माझे दोन-तीन ठोकळे चुकताना बघितले. मग एकदम चिडून म्हणाली, "काका, काय करताय! तो आडवा घ्या ना!"

मी रिमोट तिच्या बाजूला सरकवला.